गरोदर बाईच्या मनाची काळजी कशी घ्यावी

घरात सुनेला दिवस गेल्याचे कळले की खान्देशात सल्ल्यांना तोटा राहत नाही. जड उचलू नको, पपई खाऊ नको, ग्रहणात बाहेर पडू नको, आणि या सगळ्यांच्या शेवटी हमखास येणारा सल्ला म्हणजे ‘आनंदी राहा, तू रडलीस तर बाळही रडके निपजेल.’ हा सल्ला देणाऱ्याच्या मनात माया असते यात शंका नाही. परंतु आनंद आज्ञा देऊन आणता येत नाही. आणि जिला रात्र रात्र झोप लागत नाही, जिचा नवरा सुरतेला कामावर आहे आणि जिच्या पहिल्या बाळंतपणात जिवावर बेतले होते, त्या बाईला हे ऐकून एवढेच कळते की आपण दुःख बोलून दाखवले तर बाळाचे वाईट होईल. मग ती बोलायचेच थांबवते. माझे ठाम मत आहे की गरोदरपणात मनाची काळजी घ्यायची तर आधी ताण नेमका कशाचा आहे ते शोधावे, त्यातला जो भार घरच्यांना उचलता येईल तो त्यांनी उचलावा, आणि तरीही जे उरेल त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्याची लाज बाळगू नये. पुढचे मार्गदर्शन गरोदर बाईसाठी आहे, तितकेच तिच्या नवऱ्यासाठी आणि सासूबाईंसाठीही आहे.

मनात काय घडते

दिवस राहिल्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे शरीरातील प्रमाण झपाट्याने वाढते. पहिल्या तीन महिन्यांत त्याबरोबर मळमळ, थकवा आणि झोपाळूपणा येतो, आणि एरवी जिच्याकडे लक्षही गेले नसते अशा गोष्टीने डोळे भरून येतात. चौथ्या महिन्यापासून पुष्कळ जणींना हलके वाटू लागते. शेवटच्या तीन महिन्यांत मात्र पाठदुखी, वारंवार लघवीला उठावे लागल्याने तुटणारी झोप आणि जवळ येणाऱ्या कळांची भीती यांमुळे मन पुन्हा अस्वस्थ होते. हे चढउतार स्वाभाविक आहेत आणि त्यांना आजार म्हणण्याचे कारण नाही.

त्यापलीकडचा त्रासही दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात सुमारे १० टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यातही मुख्यतः नैराश्य. विकसनशील देशांत हे प्रमाण गरोदरपणात १५.६ टक्के आणि बाळंतपणानंतर १९.८ टक्के आहे. म्हणजे तपासणीच्या दिवशी उपकेंद्राच्या ओसरीवर सहा-सात जणी बसल्या असतील, तर त्यांतल्या एकीला हा त्रास असण्याची शक्यता धरून चालावे. तिच्या चेहऱ्यावरून तो दिसेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. एखाद्या दिवशी रडू आले, घरात वाद झाला, राग अनावर झाला, तर त्याने पोटातल्या बाळाला इजा होत नाही आणि त्याचा स्वभावही बिघडत नाही. महिनोन्‌महिने टिकलेले आणि उपचार न झालेले नैराश्य मात्र वेळेआधी होणारी प्रसूती आणि बाळाचे कमी वजन यांच्याशी जोडलेले आढळते. अशा अवस्थेत बाई नीट जेवत नाही, तपासणीला जात नाही, लोहाच्या गोळ्या डब्यातच राहतात, हेही त्याचे एक कारण आहे. म्हणून रडण्याची धास्ती घेऊ नये, आणि लांबलेल्या उदासीकडे दुर्लक्षही करू नये.

साधा ताण की आजार, हे कसे ओळखावे

आपल्याकडे बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच म्हणते. ती म्हणते की जीव घाबरा होतो, छातीत धडधड होते, हातपाय गळून जातात, अन्न गोड लागत नाही. अहिराणी बोलणारी माय ‘मन्हं मन लागत नही’ एवढेच सांगून गप्प बसते. ऐकणारा मग गॅसची गोळी किंवा ताकद येण्याचे सलाईन सुचवतो आणि विषय तिथेच संपतो. अशा तक्रारी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या तर घरच्यांनी आणि आशाताईंनी दोन साधे प्रश्न विचारावेत. गेल्या महिनाभरात तुम्हाला वारंवार उदास, खचल्यासारखे किंवा निराश वाटले का? पूर्वी ज्यात मन रमायचे त्या गोष्टींत आता रस उरला नाही, असे वाटते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढे डॉक्टरांशी बोलणे गरजेचे आहे. डॉक्टर अनेकदा एडिंबरा प्रश्नावली वापरतात. दहा प्रश्नांची ही प्रश्नावली १९८७ मध्ये बाळंतिणींसाठी तयार झाली आणि आता गरोदरपणातही वापरली जाते. ती भरायला पाच-दहा मिनिटे पुरतात.

ओळखण्याची मुख्य खूण कालावधीची आहे. उदासी, चिंता किंवा रस नसणे ही अवस्था दिवसातला बराचसा वेळ आणि जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकली आणि रोजची कामे, जेवण व झोप यांवर तिचा परिणाम दिसू लागला, तर तो साधा ताण राहिलेला नाही असे समजावे. चिंतेचेही तसेच आहे. ‘बाळ नीट असेल ना’ हा विचार प्रत्येकीच्या मनात येतो, पण तोच विचार दिवसभर डोक्यात घोळत राहिला, दर तासाला पोट चाचपून पाहावेसे वाटू लागले आणि सोनोग्राफी नीट आली तरी समाधान चार तासही टिकेना, तर त्या चिंतेला उपचाराची गरज आहे.

मनाचे निदान करण्याआधी रक्ताची तपासणी मात्र अवश्य करावी, कारण आपल्या भागात ही गफलत फार होते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर गरोदरपणात त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि रक्तक्षयाने येणारा थकवा, धडधड, चिडचिड व कशातच मन न लागणे ही लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात. थायरॉईडच्या बिघाडातही तसेच होते. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून १८० दिवसांसाठी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, आणि त्यांनी शौच काळी होते म्हणून घाबरून त्या बंदही करू नयेत. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्यालगतच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही विचार करावा लागतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बाईचा अहवाल वाहक आला तर नवऱ्याची तपासणी लगेच करून घ्यावी. नऊ महिने संशयात काढण्यापेक्षा डॉक्टरांसमोर बसून पुढचे काय ते समजून घेतलेले मनाला झेपते.

काळजी एकेक करून वेगळी करणे

‘टेन्शन आहे’ असे म्हटले की काहीच हाती लागत नाही. त्यामुळे वही घेऊन किंवा विश्वासातल्या कोणाला सांगून, मनात काय काय आहे ते एकेक करून बाहेर काढावे. लिहिता येत नसेल तर बहिणीला किंवा नणंदेला बोलून दाखवावे आणि तिने ते लिहावे. यादी झाली की प्रत्येक काळजीपुढे एकच प्रश्न विचारावा: यात कोणाला काही करता येईल का, आणि ते कोणी व कधी करायचे? बऱ्याच गोष्टींना उत्तर असते, फक्त ते कोणी शोधलेले नसते.

पैशाची काळजी बहुधा सर्वांत वर येते. कापसाला भाव मिळाला नाही, केळीवर वादळ आले, सोसायटीचे कर्ज आहे, आणि त्यात सिझर झाले तर खर्च कोठून आणायचा, हा प्रश्न बाई कोणाला विचारत नाही, पण रात्री तोच तिला जागे ठेवतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, तेथील जेवण आणि घरापासून रुग्णालयापर्यंत जाण्या-येण्याचे वाहन हे सर्व मोफत आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेच्या अटी पूर्ण करणाऱ्या मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते. या गोष्टी ऐकून सोडून देऊ नयेत. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि माता-बाल संरक्षण कार्ड एका पिशवीत ठेवून नवऱ्याने स्वतः आशाताईंना भेटावे आणि अर्ज कोठवर आला आहे ते विचारून यावे. हे काम गरोदर बाईवर टाकू नये.

दुसरी मोठी भीती प्रसूतीची. पहिलटकरणीला कळा कशा असतात ते ठाऊक नसते, आणि शेजारपाजारच्या बायका सांगतात त्या गोष्टी बहुतेक वेळा वाईटच असतात. अशा गोष्टी सांगणाऱ्या बाईला मायेनेच, पण स्पष्टपणे, थांबवण्याचे काम सासूबाईंनी अंगावर घ्यावे, कारण सुनेला ते जमणार नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी जाताना मनातले प्रश्न कागदावर लिहून न्यावेत: कळा सुरू झाल्याचे कसे ओळखायचे, सिझर कोणत्या कारणाने करावे लागते, पहिले सिझर झाले असेल तर या वेळी काय, प्रसूतीच्या वेळी सोबत कोणाला राहता येईल. सरकारी धोरणानुसार प्रसूतीच्या वेळी एका नातेवाईक स्त्रीला सोबत राहण्याची मुभा आहे. आई, बहीण किंवा सासू यांपैकी कोण हवे ते गरोदर बाईनेच ठरवावे आणि रुग्णालयात आधीच सांगून ठेवावे. शक्य असेल तर आठव्या महिन्यात जाऊन प्रसूतीगृह बाहेरून तरी पाहून यावे. ओळखीच्या जागेची भीती कमी वाटते. रात्री गाडी कोणाची, १०२ किंवा १०८ ला फोन कोण करणार, घरी थोरल्या लेकराजवळ कोण थांबणार, हे ठरले की मनावरचे निम्मे ओझे उतरते असे मला वाटते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगली आहे. आईजवळ लेकीचे मन मोकळे होते, आणि सातव्या महिन्यातली ओटी भरून ती माहेरी आली की तिला खरी विश्रांती मिळते. मात्र दवाखाना, डॉक्टर आणि आशाताई एकदम बदलतात, आणि ज्या तपासण्या चोपड्याला झाल्या त्यांचे कागद शिरपूरला पोहोचतच नाहीत. म्हणून कार्ड आणि सर्व अहवाल सोबत न्यावेत आणि माहेरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तेथील केंद्रात नाव नोंदवावे. एखादीला माहेरी जाणे सुखाचे नसते, कारण आई हयात नसते किंवा भावजयीशी पटत नसते. तिला रीत म्हणून पाठवू नये. कोठे राहायला आवडेल ते आधी तिला विचारावे.

दिवाळीनंतर धुळे आणि नंदुरबारच्या अनेक गावांतून कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत कामाला जातात, त्यांत गरोदर बायकाही असतात. ओळखीचे कोणी नसलेल्या फडावर किंवा बांधकामावर झोपडीत राहणे हा मनावरचा सर्वांत कठीण ताण आहे, आणि त्यावर ‘विश्रांती घे’ म्हणण्यात अर्थ नाही. जाणे टळतच नसेल, तर निघण्यापूर्वी आशाताईंकडून गोळ्या पुरेशा घ्याव्यात, जाण्याच्या ठिकाणच्या जवळच्या सरकारी दवाखान्याचे नाव लिहून घ्यावे, आणि टोळीतल्या एका तरी थोरल्या बाईला आपला महिना कोणता चालू आहे ते सांगून ठेवावे. नवरा एकटाच गेला असेल तर त्याने रोज ठराविक वेळी फोन करावा. वेळ ठरलेली असली की उरलेला दिवस वाट पाहण्यात जात नाही.

आता मुलाच्या हट्टाविषयी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, आणि जळगाव जिल्ह्याचा आकडा या सरासरीच्याही बराच खाली होता. या आकड्यांमागे गरोदर बायकांनी सोसलेले असह्य दडपण आहे. पहिली मुलगी असलेल्या बाईला दुसऱ्या खेपेस प्रत्येक पाहुणी ‘या वेळी मुलगाच’ असा आशीर्वाद देते, आणि तो आशीर्वाद तिच्या उरावर धोंड्यासारखा बसतो. बाळाचे लिंग पुरुषाच्या बीजातील एक्स किंवा वाय गुणसूत्रावरून ठरते. त्यात आईच्या हाती काहीही नाही. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा सांगून दडपण उतरत नाही. ते उतरवण्याची ताकद फक्त नवऱ्याच्या बोलण्यात आहे. त्याने चारचौघांत, आपल्या आईच्या समोर, ‘मुलगी झाली तरी मला तितकाच आनंद आहे’ असे म्हणावे. हे वाक्य एकांतात म्हणून भागत नाही.

ज्यांचे आधीचे बाळ गेले आहे किंवा गर्भपात झाला आहे, त्यांना या गरोदरपणात तो महिना जवळ आला की भीती दाटून येते. अशा बाईसमोर गेलेल्या बाळाचा विषय टाळला की तिला बरे वाटेल, असे घरच्यांना वाटते. बहुधा उलट होते. ‘तुला त्याची आठवण येत असेल’ एवढे म्हणून तिच्याजवळ बसावे आणि ती बोलेल ते ऐकावे. डॉक्टरांनाही आधीची हकिकत पूर्ण सांगावी, म्हणजे ते तपासण्या त्या दृष्टीने ठरवतात.

रोजचा दिवस

घाबरल्यासारखे होऊ लागले की पहिला उपाय श्वासाचा. भिंतीला पाठ टेकून बसावे, एक हात पोटावर ठेवावा, मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडावा. श्वास रोखून धरू नये. पाच मिनिटांत छातीतली धडधड कमी होते, कारण लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. हे रोज झोपण्यापूर्वी केले तर प्रसूतीच्या कळांतही उपयोगी पडते.

उन्हाळ्यात धडधडीचे आणखी एक कारण लक्षात ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव आणि भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा अंगातले पाणी कमी पडून चक्कर, अस्वस्थता आणि चिडचिड येते व ती मनाची वाटते. ताक, लिंबूपाणी, पन्हे आणि साधे पाणी थोड्या थोड्या वेळाने पीत राहावे, फिरणे सूर्य उगवण्याच्या सुमारास उरकावे आणि दुपारी शेतात जाऊ नये. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर रोज अर्धा तास सपाट रस्त्याने चालल्याने झोप सुधारते आणि मनही हलके होते.

कापूस वेचणीच्या दिवसांत वाकून वाकून पाठ धरते, आणि घरी आल्यावर पाणी, स्वयंपाक व भांडी वाट पाहत असतात. दमलेल्या शरीरात मन ताजे राहूच शकत नाही. ‘काही काम असेल तर सांग’ असे घरच्यांनी म्हणून चालत नाही, कारण ती सांगणार नाही. अमुक दोन कामे, उदाहरणार्थ पाणी भरणे आणि रात्रीची भांडी, आजपासून नवरा किंवा दीर करील, असे ठरवून टाकावे. दुपारी एक तास डाव्या कुशीवर आडवे होण्याचा वेळ घरात सर्वांना ठाऊक असावा, म्हणजे तिला आळशी ठरण्याची भीती राहत नाही.

रात्री झोप मोडली तर मोबाईल हाती घेऊ नये. बाळंतपणातल्या गुंतागुंतीचे व्हिडिओ एकापुढे एक येत राहतात आणि पहाटेपर्यंत भीती वाढत जाते. संध्याकाळनंतर चहाही टाळावा. निर्जळ उपास गरोदरपणात करू नयेत; साखर उतरली की अंगाला कंप सुटतो आणि जीव घाबरा होतो. देवाला ते नको असते असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले तर सुनेच्या मनात अपराधाची भावना राहत नाही. मिश्री लावण्याची किंवा तंबाखू खाण्याची सवय असेल तर त्याने क्षणभर बरे वाटते, पण बाळाचे वजन घटते आणि बाळ दगावण्याचा धोका वाढतो; ही सवय सोडताना पहिले काही दिवस चिडचिड वाढते, ती सोसण्यासाठी घरच्यांची साथ लागते, टोमणे लागत नाहीत.

मन रमवण्यासाठी वेगळे काही शोधावे लागत नाही. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींबरोबर गाणी म्हणणे, श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी भाऊबंद जमतात तेव्हा बसल्या बसल्या होईल ते हलके काम घेऊन गप्पांत असणे, संध्याकाळी ओट्यावर शेजारणीबरोबर बसणे, हे सर्व औषधासारखे काम करते, कारण एकटेपणा हा ताणाचा सर्वांत मोठा सोबती आहे. मात्र झोका घेऊ नये, आणि गर्दीचा त्रास होत असेल तर तिला लवकर घरी येऊ द्यावे.

ग्रहणाविषयी वेगळे सांगितले पाहिजे. ग्रहणात चिरले-कापले तर बाळाचा ओठ फाटतो, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. त्या दिवशी बाईला तासन्‌तास उपाशी आणि हालचाल न करता बसवून ठेवू नये. घरात वडीलधाऱ्यांचे मन मोडायचे नसेल तर तिने घरात थांबावे, पण पाणी, जेवण आणि गोळ्या वेळेवर घ्याव्यात. आणि पुढे बाळात काही व्यंग निघालेच, तर त्याचा दोष तिच्या हातून झालेल्या कोणत्याही गोष्टीवर कोणी कधीही ठेवू नये.

घरच्यांनी ऐकावे कसे

दिवसातून दहा मिनिटे नवऱ्याने तिच्याजवळ बसून फक्त ऐकावे. मध्येच उपाय सुचवू नये, ‘आमच्या आईने तर शेतात काम करता करता आठ लेकरे वाढवली’ असे म्हणू नये, आणि ‘त्यात काय एवढे’ तर मुळीच म्हणू नये. सासूबाईंनी एखाद्या दुपारी आपल्या पहिल्या बाळंतपणात आपल्याला काय वाटले होते ते सुनेला सांगावे. थोरल्या बाईने आपली भीती कबूल केली की धाकटीला बोलण्याची वाट मोकळी होते. तपासणीला जाताना नवऱ्याने बाहेर दुचाकीवर बसून राहू नये, आत जाऊन डॉक्टरांचे म्हणणे ऐकावे.

काही घरांत ताणाचे कारण घरातच असते. मारहाण, उपाशी ठेवणे, माहेरून पैसे आणण्याची मागणी, दारूच्या नशेतला त्रास, हे गरोदरपणात सुरू होऊ शकते किंवा वाढू शकते, आणि त्यावर श्वासाचे व्यायाम हा उपाय नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे. १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक पाठ करून ठेवावेत. तपासणीच्या वेळी परिचारिकेशी एकटीने बोलायचे आहे असे सांगण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा चिंता टिकली, झोप व भूक गेली, किंवा पूर्वी कधी मानसिक आजारावर उपचार झालेले असतील, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. जिल्हा पातळीवर मनोविकार तज्ज्ञ उपलब्ध असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे गेल्याने कोणी वेडे ठरत नाही. सौम्य नैराश्यात पुष्कळदा समुपदेशनाने भागते. औषधाची गरज पडली तर गरोदरपणात देता येतील अशी औषधे आहेत, आणि धोका व लाभ तोलून डॉक्टर ती ठरवतात.

आधीपासून मानसिक आजाराच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील, तर दिवस राहिल्याचे कळताच त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण आजार एकदम उलटू शकतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. व्हॅलप्रोएटसारखे औषध बाळाला घातक ठरू शकते आणि ते बदलून घ्यावे लागते, म्हणून ही भेट लांबणीवर टाकू नये. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नयेत. घरच्यांना नजर लागल्याची शंका असेल आणि भगताकडे जायचेच असेल, तर त्यांच्या श्रद्धेशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. पण त्यासाठी दवाखाना एका दिवसानेही मागे ढकलू नये, धूर, मार किंवा उपाशी ठेवणे यांतले काहीही होऊ देऊ नये आणि गोळ्या चालू ठेवाव्यात.

मरण्याचे विचार येणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटणे, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तोवर तिला एकटे सोडू नये. शेतीच्या फवारणीची औषधे घरातून हलवावीत. ‘मरणाचा विचार येतो का’ असे सरळ विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात घातला जात नाही. उलट तिला सांगायला जागा मिळते. तसेच तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे या गोष्टी ‘घाबरल्यामुळे होत असेल’ म्हणून सोडून देऊ नयेत. त्या शरीराच्या तक्रारी आहेत आणि त्यांना तातडीने डॉक्टर लागतो.

बाळंतपणानंतरचे दिवस

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पुष्कळ बाळंतिणींना कारण नसताना रडू येते. संप्रेरके एकदम उतरल्याने हे होते आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप निवळते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळाला जवळ घ्यावेसे वाटेना, किंवा बाळ झोपले असतानाही आईला झोप येईना, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते. हजारात एक-दोन जणींना पहिल्या दोन आठवड्यांत मनाचा तोल पूर्णपणे सुटण्याचा गंभीर आजार होतो: बाई असंबद्ध बोलते, संशय घेते, झोपतच नाही. ही तातडीची अवस्था आहे, आणि वेळेवर उपचार झाले तर ती पूर्ण बरी होते. सव्वा महिना बाळंतिणीला खोलीत ठेवण्याच्या रीतीत विश्रांती आहे, पण तिथे तिच्याशी बोलणारे कोणीतरी असले पाहिजे, आणि बाळ पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनी आधी आईची विचारपूस करावी.

रुग्णालयात प्रसूती झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात, दूध कसे पिते ते विचारतात. त्या प्रत्येक भेटीत घरच्यांनी पाच मिनिटे खोलीबाहेर जावे, म्हणजे आधी सांगितलेले दोन प्रश्न त्यांना बाळंतिणीला एकटीला विचारता येतील. आणि १४ व्या दिवसानंतरच्या कोणत्याही भेटीत उत्तर ‘हो’ आले, तर त्याच आठवड्यात नवऱ्याने तिला डॉक्टरांकडे घेऊन जावे.